अडीच सूत

परवा नाना पेठेत माझ्या डोळ्यांदेखत माझा एकुलता एक धड बोल्ट गेला. हरवला असता तर परवडलं असतं. तो आत्ता समोर टेबलावर आहे, अंगावर एक नट घेऊन, आणि तो नट या जन्मी काही सुटणार नाही.

बोल्ट बीएसए एम२० या फटफटीचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी या सव्वा लाखावर बनल्या. त्यातली एक लिलावातून आजोबांकडे आली आणि आजोबा गेल्यावर तिच्यावर घरातल्या गाद्या वाळत पडल्या. गेलं वर्षभर मी तिला उभी करतोय. मागच्या मडगार्डाला चार नट हवे होते. चार नट. इंजिन नव्हतं मागितलं मी.

"कितीचा?" दुकानदाराने विचारलं.

प्रश्न साधा वाटतो. माझा बोल्ट पाच सोळांश इंचाचा. या एकाच जाडीला आट्यांच्या चार पद्धती: व्हिटवर्थचे इंचाला १८ आटे, बीएसएफचे २२, आणि युद्धात दोस्तांचेच नट दोस्तांना बसेनात म्हणून १९४८ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनने करार करून ठरवलेल्या यूएनएफचे २४. माझ्या गाडीला मात्र सायकल-आटे म्हणतात ते, इंचाला २६. ओळीने मांडले तर चौघे सख्खे भाऊ. त्यात आट्याचा कोन कुणाचा ५५ अंश, कुणाचा ६०. पंचावन्नच का? तर १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले आणि सरासरी काढली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण मिटवतात तसं.

हे सगळं मी दुकानदाराला सांगणार होतो. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "दाखवा बघू."

पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, हातात धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी आणि तिच्यात नमुन्यादाखल नळाचं एक झिजलेलं वायसर. काका वायसर घ्यायला आले होते. वायसर घेऊन घरी गेले असते तर आज मी हे लिहीत नसतो.

मी बोल्ट दिला. चूक माझीच. वडीलधाऱ्या माणसाने हात पुढे केला की आपण देतो; संस्कार म्हणतात त्याला, आणि त्याची किंमत अशी मोजावी लागते.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोल्ट नखावर टेकवला. "अडीच सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा जाडी बरोबर. "हो, पण आटे सव्वीसचे आहेत."

"अडीच सूत म्हणजे अडीच सूत. छत्तीस वर्षं काढलीत कारखान्यात."

"कुठल्या खात्यात?"

"स्टोअरला."

मी गप्प बसलो. गप्प बसलेला माणूस पटलेला असतो, असा काकांचा समज असावा.

"सव्वीस कुणी सांगितले तुम्हाला?"

"मी मोजले. आटे मोजायचं पिच गेज लावून."

"गेज चायनाचं असेल. गाडी कुठली?"

"बीएसए."

"बीएसए?" काका दुकानभर ऐकू जाईल असे हसले. "अहो, ती सायकल! मग सायकलचा नट लावा की!"

दुकानातला पोऱ्याही हसला. दुकानदार फोनवर होता, तोही हसला. मी कोरडेपणाने म्हणालो, "बर्मिंगहॅमची कंपनी होती. तीन बंदुकांचं चिन्ह असतं. पाचशे सीसी."

"ॲव्हरेज किती देते?"

"अजून सुरू व्हायची आहे."

"मग नट कशाला पाहिजेत?"

याला उत्तर नाही. माझ्या बायकोनेही हेच विचारलं होतं.

एव्हाना काकांनी काउंटरवरचा भंगार नटांचा डबा स्वतःच ओढून घेतला होता. त्यातून त्यांनी एक नट उचलला, बोल्टावर ठेवला आणि बोटाने फिरवला. एक आटा, दोन, तीन, चार. लोण्यासारखा. "बघा!" क्षणभर मलाही वाटलं की देव आहे. तो नट होता आठ मिलिमीटरचा, बारीक आट्याचा. पाच सोळांश म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तेव्हा जाडी जवळजवळ तीच. आणि एक मिलिमीटरला एक आटा म्हणजे इंचाला २५.४. माझे २६. फरक इंचामागे सहा दशांश आट्याचा. हा फरक पहिल्या चार आट्यांत कळत नाही. पाचव्यापासून कळतो.

"काका, थांबा. घट्ट होतोय."

"रंग असेल जुना. पाना दे रे!"

पोऱ्याने पाना दिला. त्यालाही संस्कार होते. मग कुत्र्याच्या पिल्लाचा पाय दारात सापडल्यावर येतो तसा एक आवाज आला, आणि काका विजयी मुद्रेने म्हणाले, "बसला की!"

बसला. कायमचा बसला. दुकानदाराने फोन खाली ठेवून मला नटाचे आठ रुपये लावले. काकांकडे वायसरचे सुटे पैसे नव्हते, ते तीनही मीच दिले.

घरी येऊन तो सोडवायला इंग्लिश पान्यांचा डबा काढला. त्यातही गंमत आहे. ज्या पान्यावर १/४ व्हिटवर्थ कोरलंय त्याचं तोंड अर्ध्या इंचापेक्षा मोठं, कारण तो आकडा बोल्टाच्या जाडीचा, डोक्याचा नव्हे. गाडीच्या विजेच्या सामानाचे बारीक स्क्रू बीए आट्यांचे. बीए म्हणजे ब्रिटिश असोसिएशन, नाव अस्सल, पण मापं मुळात मिलिमीटरवर बेतलेली. स्पार्क प्लगही १४ मिलिमीटरचा. मोटारी बनवणाऱ्या इंग्लिश मॉरिसने तर १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला एका फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला आणि फ्रेंच, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचेच आटे चालू ठेवले. बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थची, इंग्लिश पाने लागावेत म्हणून. बाहेर सोवळं, आत ऑम्लेट.

हसू येतं खरं, पण गाडी खोलताना येत नाही. माझ्या फटफटीतल्या निम्म्या बोल्टांवर गेल्या सत्तर वर्षांतले काका होऊन गेलेत. प्रत्येकाने जे हाताला लागलं ते दाबून बसवलं, "बसला की!" म्हटलं आणि चहा प्यायला गेला. गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियममध्ये दोन भोकं अशी झालीत की त्यांत आता आटा म्हणून काही उरलेला नाही. त्याचा खर्च मी देतोय. "माहीत नाही" हे दोन शब्द म्हणायला या शहरात कुणाला काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. चिडूनच गेलो होतो, काका चूक आहेत हे एकदाचं सिद्ध करायला. मडगार्डाचा दुसरा एक बोल्ट, अर्धे आटे गेलेला, खिशात होता. जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाच्या ॲक्सलचा नट त्याने हातात ठेवला. मी तो लावला. पहिला आटा, चौथा, सातवा, आणि पलीकडून बाहेर. बोटाने.

"चार द्या," मी म्हणालो.

"सायकल कुठली आहे, काका?"

मी मागे-पुढे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

"बीएसए," मी म्हणालो.