साडेदहाचा अंगठा : एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

साताऱ्यातील एका साखळी उपाहारगृहात २०१९ मध्ये मी केलेल्या आठ महिन्यांच्या नोकरीविषयी लिहिले, त्यावर आपण कळवले आहे की आजच्या मुलांना कष्टच नकोत, आणि आपल्या वडिलांनी राजवाड्याजवळची खानावळ सोळा-सोळा तास राबून चालवली तरी कधी कुरकुर केली नाही. एवढा अन्याय होता तर तक्रार का केली नाही, असेही आपण विचारता.

आपल्या वडिलांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे, परंतु गल्ल्यावर ते स्वतः बसत, हे आपण विसरलात. गर्दी त्यांना दिसत असे, वाढपी कमी पडला तर ते स्वतः ताटे उचलत आणि उद्या माणूस जादा बोलवायचा की नाही हेही तेच ठरवत. आमच्याकडे हा निर्णय दुसऱ्या शहरातील कार्यालयात मागच्या आठवड्याच्या विक्रीवरून होत असे. शंभर रुपयांच्या विक्रीमागे पगारावर किती खर्च करायचा याचा आकडा ठरलेला होता आणि तो ओलांडला की स्टोअर मॅनेजरचा इन्सेन्टिव्ह जात असे.

या पद्धतीच्या उपाहारगृहात ग्राहक काउंटरसमोर उभा राहून भात, उसळ, चटण्या निवडतो आणि वाडगा त्याच्या डोळ्यांदेखत भरला जातो. सगळे ताजे दिसले पाहिजे, म्हणून कांदा, टोमॅटो, कोबी त्याच दिवशी चिरावा लागतो. दुकान अकराला उघडत असले तरी सुरी आठलाच हातात घ्यावी लागे, आणि त्या तीन तासांत रुपयाचीही विक्री होत नसल्यामुळे कार्यालयाच्या हिशेबात तो नुसता खर्च दिसे. साहजिकच कात्री तिथेच लागली. तिघांचे चिरण्याचे काम दोघांवर आले आणि अपुरी तयारी दुपारी ऐन गर्दीत पुरी करावी लागू लागली. कास पठारावरच्या फुलांच्या हंगामात तर कहर होई. एखाद्या रविवारी मुसळधार पावसामुळे विक्री पडली की पुढच्या रविवारच्या रोस्टरवर चारच माणसे येत, आणि नेमके त्या दिवशी ऊन पडून पठारावरून परतणाऱ्या गाड्या रांगेने दारात उभ्या राहत.

रात्री साडेदहाला मॅनेजर आम्हाला सुटल्याची नोंद म्हणून यंत्रावर अंगठा लावायला सांगे आणि त्यानंतर फ्रायर, जमीन, फ्रीजर यांची सफाई सुरू होई. ती संपेपर्यंत साडेबारा वाजत, मेढ्याकडची शेवटची एसटी केव्हाच गेलेली असे. पटावर आम्ही चौदा जण होतो. तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू असलेल्या २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि जादा कामाला दुप्पट दर होता. अंगठा आधीच लावल्यामुळे जादा काम कागदावर उरतच नसे. गल्ल्यात रक्कम कमी भरली तर ती काउंटरवरच्या सर्वांच्या पगारातून सारखी कापली जाई. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमानुसार अशा कपातीआधी त्या कामगाराची चूक दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे लागत असे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

एका गोष्टीत मात्र मी चुकलो. मॅनेजरला मी आधीच्या लिखाणात निर्दय म्हटले होते, ते मागे घेतो. तोही आमच्याबरोबर जमीन पुसत असे, आणि त्याच्या तासांची तर नोंदच नव्हती. शिवाय पगार दरमहा बँकेत आणि पावतीसह मिळे, हे जुन्या खानावळींतल्या पोऱ्यांच्या वाट्याला सहसा आले नाही.

राहिला तक्रारीचा प्रश्न. तक्रार करायची तर पुरावा हवा, आणि यंत्रातली नोंद सांगत होती की आम्ही रोज साडेदहाला घरी गेलो. शेवटच्या दोन महिन्यांत मी वहीत प्रत्यक्ष सुटण्याची वेळ लिहू लागलो आणि इतर दोघांच्या सह्याही घेत गेलो. ती वही घेऊन हिशेब मागायला गेलो, तेव्हा त्या दोघांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितले. त्यांची नोकरी अजून चालू होती.