लेणी आणि पिशव्या

वेरूळला मी २९ वेळा गेलो आणि कैलास लेणं एकदाही पाहिलं नाही. संभाजीनगरात घर असलेल्या माणसाच्या नशिबी लेणी नसतात, लेणी बघायला आलेले पाहुणे असतात. तिकिटाच्या रांगेत मी, गाडीला सावली शोधायला मी, माकडांपासून केळी वाचवायला मी. पाहुणे आत गेले की कैलासाच्या अंगणात पाच पिशव्या आणि कुणाचं तरी झोपलेलं लेकरू घेऊन उभाही मीच. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. पाहुण्यांनाही असावं, कारण ते नेमके रविवारी रात्री उतरतात आणि बुधवारपर्यंत मुक्काम ठोकतात.

यंदा दिवाळीत साडूभाऊ आले. पुण्याचे आहेत, एवढ्यावर भागलं असतं. पण ते जग फिरून आलेले. पहिल्याच रात्री मोबाईल टीव्हीला जोडला आणि पॉम्पेई सुरू झालं.

"इसवी सन ७९! व्हेसुव्हियसची राख पडली आणि शहर जसंच्या तसं राहिलं. हा बघा, भट्टीतला पाव!"

पाव कोळशासारखा काळा. आईनं चष्मा सावरून बघितलं आणि माझ्याकडं वळली. "जळका पाव इतकी वर्षं जपला का? माझी भाकर जरा करपली तर तुझे वडील ताट सरकवायचे."

मग कोलोसियम, पेट्रा, माचू पिच्चू. प्रत्येक फोटोत अवशेष मागं, साडू पुढं. (काही फोटोंत साडूच.) "जतन म्हणजे काय ते तिकडं बघावं. आपल्याकडं हेमाडपंती देवळाच्या दगडावर धुणं धुतात!"

रोख सरळ माझ्या आजोळाकडं होता. परभणीकडच्या त्या घरात न्हाणीसमोर खरंच एक कोरीव दगड होता. कडेला कमळाच्या दोन पाकळ्या शिल्लक, मधोमध आजीच्या धोपाटण्यानं पडलेला गुळगुळीत खळगा. लुगडं काय स्वच्छ निघायचं त्याच्यावर! मी हळूच सांगितलं, १३४९ च्या भूकंपात कोलोसियमची एक बाजू कोसळली, तेव्हा तिचे दगड रोमवाल्यांनीच बांधकामाला नेले. आमच्या आजीनं एकच नेला होता.

साडूंनी पुढचा फोटो लावला.

बुधवारी वेरूळ. वाटेत दौलताबादला सीताफळांची टोपली घेतली. गाडीत उन्हानं मऊ पडतील म्हणून मेहुणीनं ती आतही आणायला लावली, म्हणजे मला.

कैलासात शिरल्या शिरल्या साडू म्हणाले, "पेट्राची आठवण झाली हो."

माझं डोकं सटकलं. "भाऊसाहेब, तिथं कड्याचं तोंड कोरलंय. इथं खडकातून अख्खं देऊळ मोकळं काढलंय, वरून खाली. शिखर आधी, जोतं शेवटी. आठवं शतक, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण. एक घाव चुकला तर बदली दगड आणायचा कुठून?"

मी असा रंगात आलेलो असताना साडूंनी पाण्याची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि "आलोच फोटो काढून" म्हणत गेले.

टोपलीनं हात भरून आले. ऊन चुकवायला मी दक्षिणेच्या बाजूला सरकलो आणि जोत्यावरच्या एका हत्तीला पाठ टेकली. मान वळवली तर शेजारी रावण कैलास हलवत होता. वीस हात, आणि एकातही पिशवी नाही! वर शंकर निवांत, पार्वती त्याला बिलगलेली, आणि मागं एक दासी घाबरून चक्क पळत सुटलेली. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर हे सगळं चाललं होतं आणि मी इतकी वर्षं पलीकडं केळी मोजत उभा होतो. त्या दासीची पाठ बघता बघता टोपली कधी खाली ठेवली, कळलं नाही.

कर्रकन शिट्टी वाजली.

"ओ पाव्हणं! हत्तीला टेकू नका! पहिल्यांदाच आलाव का?"

पलीकडून साडू मोबाईल धरून हे सगळं टिपत होते.

मी टोपली उचलली आणि म्हणालो, "हो."