तम्मूज महिना कुणाच्या नावाचा?

प्रार्थनेच्या ग्रुपांवर अधूनमधून एक मेसेज फिरतो. मजकूर साधारण असा: इंग्रजी महिने रोमी देवांच्या नावांचे, म्हणून अशुद्ध. हिब्रू महिन्यांची नावं मात्र देवानेच सीनाय पर्वतावर मोशेला दिली. प्रत्येक महिन्याला एक हिब्रू अक्षर, इस्राएलच्या बारा वंशांपैकी एक वंश, एक वरदान ठरलेलं. महिना लागला की स्वर्गात त्या वरदानाचं दार उघडतं, आणि ‘प्रथमफळ’ (पहिल्या उत्पन्नाचा वाटा) अर्पण केलं की ते पदरात पडतं.

आधी नावांचं बघू. मोशेच्या पाच पुस्तकांत महिने आकड्यांनी येतात: पहिला महिना, सातवा महिना. नावाने येतो तो एकटा अबीब. शलमोनाच्या मंदिराच्या हकिकतीत जिव, बूल, एथानीम ही जुनी नावं भेटतात. निसान, एलूल, किसलेव उगवतात ते बाबेलच्या बंदिवासानंतरच्या एस्तेर, नहेम्या, जखऱ्या अशा पुस्तकांत, आणि तिथेही बारांपैकी सातच. यहुद्यांनी ही गोष्ट कधी लपवलेली नाही. महिन्यांची नावं लोकांबरोबर बाबेलहून आली, असं यरुशलेमी तालमूद हा यहुदी धर्मगुरूंचा, म्हणजे रब्बींचा, जुना ग्रंथच सांगतो. बाबेली यादीतले निसन्नू, उलूलू, अद्दारू पाहिले की पटतंच.

शुद्धतेचं म्हणाल, तर तम्मूज हा बाबेलचा देव. यहेज्केल 8:14 उघडा: मंदिराच्या उत्तर दरवाजाशी बायका त्याच्यासाठी रडत बसल्या आहेत, आणि देव संदेष्ट्याला तो अमंगळ प्रकार म्हणून दाखवतोय. त्याच तम्मूजचं नाव यहुदी पंचांगातल्या चौथ्या महिन्याला आजही आहे. कर्मठ रब्बीसुद्धा ते बिनदिक्कत उच्चारतात. मग मार्चनेच काय घोडं मारलंय?

अक्षरांच्या आणि राशींच्या जोड्या मात्र हवेतून आलेल्या नाहीत. ‘सेफेर यत्सिरा’ या जुन्या गूढ ग्रंथात त्या आहेत, आणि कब्बालाची, म्हणजे यहुदी गूढविद्येची, ती परंपरा थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पण त्या ग्रंथाचे पाठ एकसारखे नाहीत. वंशांचंही तेच: रानातल्या छावणीच्या क्रमाने गेलं तर पहिल्या महिन्याला, निसानला, यहूदा मिळतो, याकोबाच्या मुलांच्या जन्माच्या क्रमाने गेलं तर रऊबेन. शिवाय अधिक महिना आहेच. 19 वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालतात. आपला अधिक मास फिरता, यांचा अदार या बाराव्या महिन्यालाच चिकटलेला. 2027 मध्ये दोन अदार येतील. बारा वंश वाटून संपल्यावर त्या जादा महिन्याला काय द्यायचं, हे मेसेजमध्ये नाही.

सगळ्यात कच्चा दावा दार उघडण्याचा. महिना लागला हे मुळात ठरवायचं कोणी? मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाच्या ‘रोश हशाना’ भागात याचं उत्तर आहे. चंद्रकोर पाहिलेले साक्षीदार येत. न्यायसभेचा प्रमुख रब्बान गमलिएल याच्या माडीवर भिंतीला चंद्राच्या आकृत्या होत्या. त्या दाखवून तो विचारी, “अशी दिसली, की अशी?” एकदा दोघांनी कोर पाहिल्याचं सांगितलं, पण दुसऱ्या रात्री ती दिसलीच नाही. तरी गमलिएलने साक्ष मान्य केली. रब्बी दोसा भडकला: बाळंत झाली म्हणता त्या बाईचं पोट दुसऱ्या दिवशीही पुढेच कसं? रब्बी यहोशुआ दोसाच्या बाजूने उभा राहिला. तेव्हा गमलिएलने यहोशुआला फर्मावलं, तुझ्या हिशेबाने प्रायश्चित्ताचा जो दिवस येतो, त्या दिवशी काठी आणि पैसे घेऊन माझ्याकडे ये; म्हणजे तो दिवस पवित्र म्हणून पाळू नकोस. यहोशुआ गेला. गमलिएलने उठून त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. वेळेवर असो वा नसो, न्यायसभेने जाहीर केलेला सण तोच सण, असं रब्बी अकिबाने यहोशुआला आधीच समजावलं होतं. म्हणजे वर्षातला सर्वांत पवित्र दिवसही माणसांच्या निकालावर ठरत होता, आणि तो निकाल चुकू शकतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘प्रत्येक यहुदी घराला हे गुपित माहीत असतं’ अशी पुस्तीही कधी जोडलेली असते. पण आपल्या कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, सण ओळखत ते खिरीचा सण, बिरड्याचा सण अशा नावांनी. अव महिन्याच्या नवमीला, मंदिर पडल्याच्या दुखवट्याला, त्यांनी नाव दिलं ते वालाच्या बिरड्याचं.

राहिलं अर्पण. मोशेच्या नियमशास्त्रातलं प्रथमफळ शेतातल्या पिकाचं, इस्राएलच्या भूमीतलं, आणि मंदिरात न्यायचं. रब्बींच्या नियमाने ते पेंटेकॉस्टच्या (सप्ताहांच्या) सणापासून पुढे, वर्षातून एकदा. दर महिन्याच्या प्रथमफळाचा नियम त्यात कुठेच नाही, आणि ते मंदिर इ. स. 70 मध्येच पडलं. मेसेजच्या तळाशी क्यूआर कोड असेल, तर तो कुणाच्या खात्याचा आहे एवढं आधी बघा.