दीडशे की अडीचशे?

आमच्या गोदामात हळदीची पोती मोजून घेणारे एक मामा आहेत. दिवसभर हात पिवळे, फोनची काचसुद्धा पिवळी. आणि आम्हा ऑफिसवाल्यांची अपेक्षा काय, तर मामांनी ग्रुप मिनिटामिनिटाला बघावा!

गेल्या सीझनला मी मार्केट यार्डातून त्यांना व्हॉइस मेसेज टाकला. मागं ट्रकचे हॉर्न, मी घाईत. म्हटलं, "दीडशे पोती भरा." मामांना ऐकू आलं अडीचशे. गाडी भरली, ताडपत्री टाकली, दोर आवळले. वजनकाट्यावरचा आकडा बघून मला घाम फुटला. शंभर पोती परत उतरवायची म्हणजे हमाली डबल, वर हमालांची बोलणी. मामा एवढंच म्हणाले, "लिवून पाठवायचं की ओ मॅडम." व्हॉट्सॲपवर लिहिलेलं 15 मिनिटांच्या आत दुरुस्त तरी करता येतं. बोललेलं कसं करणार?

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. निरोप कसा द्यायचा हे आपल्या सोयीनं ठरवायचं नाही, समोरच्याच्या हातात त्या वेळी काय आहे ते बघायचं. पोती, भाव, गाडी नंबर लिहूनच, तेही अंकात. घाई असेल तर सरळ फोन. आणि कुणाचं चुकलं असेल तर उठून त्याच्या टेबलापर्यंत जायचं. ग्रुपवर सुनावलं की चूक राहते बाजूला, बाकीचे फुकटात तमाशा बघतात. (मीही बघितलाय, खोटं कशाला बोलू.)

अंगठ्याचं तर विचारूच नका. "वाचलं" म्हणायचंय की "करतो"?

2019 च्या पुरात तर कहरच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. ग्रुपवर नुसतं "किती झालं?" आणि पुलाचे तेच तेच फोटो. त्या गर्दीत मालकांचा "खालच्या थप्प्या वर घ्या" हा मेसेज कुणाला दिसलाच नाही. शेवटी मामा रात्री चौघांच्या दारात जाऊन हाका मारत फिरले, तेव्हा माल हलला.

आता गाडी सुटायच्या आधी ते गोदामाच्या दारावर खडूनं आकडा लिहितात आणि फोटो पाठवतात. काल 150 च्या खाली लिहिलं होतं, "एकशे पन्नास. अडीचशे नव्हे."