डॉक्टरच्या दारात

दादाचं एक वाक्य आठ दिवस झाले डोक्यातून जात नाही. "डॉक्टरच्या दारात बॅग घेऊन उभं राहायला शिकवलं का त्याला?"

त्याला म्हणजे माझ्या भाच्याला, दादाच्याच पोराला. पोरगं लातूरला बी.फार्म. झालं. मग पुण्यात कॉट बेसिसवर राहून दोनदा एमपीएससी दिली, दोन्ही वेळा पूर्वपरीक्षेतच अडकलं. आता हाडांच्या ऑपरेशनला लागणाऱ्या प्लेटा, स्क्रू, रॉड विकणाऱ्या एका कंपनीनं त्याला नोकरी देऊ केलीय. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड असे चार जिल्हे. पगार बरा, पेट्रोल वेगळं, टार्गेट पुरं झालं तर वर इन्सेंटिव्ह. सोमवारी उत्तर द्यायचंय. दादा म्हणतो, "आणखी एकदा एमपीएससी दे म्हणायलोय मी." धाकटे काका म्हणतात, एमआरला पोरगी कोण देतंय? मी फोनवर म्हटलं, घेऊ दे नोकरी. त्यावर दादा म्हणाला, "तिकडं बसून बोलायला तुझं काय जायलंय?"

माझं काय जातंय ते सांगायचंय म्हणून लिहायला बसले.

मी एकोणीस वर्षं मिनियापोलिसच्या उत्तरेला राहते आणि उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारी वाचायचं काम करते. स्क्रूचं डोकं घासलं, ड्रिलचं टोक मोडलं, डबा उघडला तर आत वेगळ्याच मापाचा रॉड निघाला. ह्यातल्या बहुतेक तक्रारी डॉक्टर लिहीत नाहीत. ऑपरेशन चालू असताना भिंतीला टेकून उभा असलेला कंपनीचा माणूस लिहितो. तो पेशंटला हात लावत नाही. हातात लेझरचा ठिपका असतो, त्यानं तो नर्सला दाखवतो की ह्या ट्रेमधला हा, मग त्या ट्रेमधला तो. पहाटे साडेपाचला बर्फ खरवडून, डिक्कीत ट्रे घालून सिक्स नाइन्टी फोर हायवेला लागणारी ही माणसं मी रोज पाहते. माझ्या गल्लीत दोन आहेत. त्यातली एक बाई आधी नर्स होती. तिच्या आईला कुणी विचारत नाही की पोरगी दारात का उभी राहते.

ह्याच शहरात १९४९ साली अर्ल बाकन आणि त्याच्या नात्यातला पामर हर्मंड्सली ह्यांनी एका गॅरेजात मेडट्रॉनिक ही वैद्यकीय उपकरणांची कंपनी सुरू केली. सुरुवातीची वर्षं दवाखान्यातली बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची, दुसऱ्यांच्या कंपन्यांची यंत्रं दारोदार विकायची, हाच मुख्य धंदा. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहरातली वीज गेली. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालायचे आणि युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन झालेली लहान लेकरं त्या वायरींना बांधलेली होती. भारनियमनात दहावीचा अभ्यास केलेल्या माणसाला ह्यातली भीती समजावून सांगावी लागत नाही. लिलेहाय नावाच्या सर्जननं बाकनला विचारलं, बॅटरीवर काही होईल का? चार आठवड्यांत त्यानं गळ्यात अडकवता येईल असा पेसमेकर आणून दिला. लिलेहायला हा माणूस सापडला, कारण तो एरवीही त्याच व्हरांड्यात असायचा. दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ते अमेरिकेत."

वहिनी त्या फोनवर काहीच बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं वेगळा फोन केला आणि हळूच सांगितलं, "ताई, ह्यांना बॅगेचं काही नाही. अकरावी-बारावीला ज्या पोरांसोबत तो ट्यूशनला बसला, त्यातली सात-आठ डॉक्टर होऊन लातुरातच आलीत. त्यांच्याच केबिनबाहेर हा बसणार."

लातूर पॅटर्नच्या गावात राहिलं नाही तर हे दुखणं कळायचं नाही. आमच्या गावात पोरगं दहावी झालं की घरात दोनच प्रश्न असतात, मेडिकल की इंजिनीअरिंग. जूनमध्ये नांदेड-परभणी-हिंगोलीची लेकरं पेट्या घेऊन उतरतात, अख्ख्या गल्ल्या मेसच्या डब्यांवर चालतात. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत लागलेल्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो नसतात, त्यांचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही. भाचा दोनदा नीटला बसला होता. तो फ्लेक्सवर नव्हता. त्याच्याबरोबरचा फ्लेक्सवरचा पोरगा आता आतल्या खुर्चीत आणि हा बाहेरच्या बाकावर, हे चित्र दादाला दिसतंय. वहिनीचा फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा दादाची कीव आली, आणि रागही आला. बाप म्हणून पोराला सांगायचं ते हेच, की त्या बाकावर बसायला लाजू नको. दादानं ती लाज त्याच्याआधी स्वतःच घेऊन ठेवली.

ह्या नोकरीत विचार करण्यासारखं वेगळंच आहे, आणि त्यावर घरात कुणी बोललं नाही. कट, म्हणजे डॉक्टरच्या खिशात जाणारं कमिशन. लातुरात शेंबड्या पोरालाही हा शब्द माहीत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची किंमत बांधली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा सरासरी १ लाख ५८ हजारांचा होता, तो ५४,७२० रुपयांवर आला, वर जीएसटी. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या औषधी स्टेंटची, म्हणजे जाळीदार नळीची, किंमत २९,६०० वर आणली होती. म्हणजे मधला लाखभर रुपया कारखान्यापासून पेशंटच्या मांडीपर्यंतच्या वाटेवर कुठंतरी मुरत होता, आणि त्या वाटेवर बॅगवाला उभा होता. लोक त्याच्याकडे संशयानं बघतात ते उगीच नाही.

इथं मी एका गोष्टीचा अभिमानानं दाखला देते. अमेरिकेत २०१० च्या कायद्यामुळं कंपनीनं डॉक्टरला दिलेला पैसा सरकारकडे नोंदवावा लागतो आणि २०१४ पासून तो कुणालाही पाहता येतो. माझ्या मुलाचं हॉकीत मनगट मोडलं, तेव्हा अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री मी त्या सरकारी यादीत सर्जनचं नाव टाकून पाहिलं होतं. वर्षभरात जेवणाचे चौऱ्याऐंशी डॉलर. झोप लागली. हे दादाला ऐकवताना मी "आमच्याकडे" म्हणाले. पलीकडून भाच्यानं विचारलं, "आत्या, आमच्याकडे म्हणजे कुठं?" त्यानं खोचून विचारलं नव्हतं, त्याला खरंच कळलं नव्हतं. मी विषय बदलला.

आणखी एक गोष्ट मी दादाला सांगितली नाही, ती इथं सांगते. २००७ साली ह्याच अमेरिकेत गुडघे आणि खुबे बनवणाऱ्या चार मोठ्या कंपन्यांना मिळून ३१ कोटी १० लाख डॉलर भरावे लागले. सल्लागार म्हणून करार करून सर्जनना पैसे पोचवले जात होते, असा आरोप होता. ती यादी आणि तो कायदा ह्या असल्या प्रकारांनंतर आला. इथली माणसं मुळातच सरळ आहेत म्हणून नव्हे. फोनवर मी मला हवं तेवढंच सांगितलं, कारण मला जिंकायचं होतं. भारतातही सप्टेंबर २०२४ मध्ये उपकरणांच्या कंपन्यांसाठी आचारसंहिता निघालीय. डॉक्टरला भेटवस्तू नको, कुटुंबासकट सहली नको. कागद आहे. त्या कागदाची ताकद चार जिल्ह्यांत फिरणाऱ्या पंचवीस वर्षांच्या पोराला किती मिळणार, हा माझा घोर आहे.

म्हणून मी भाच्याला चार गोष्टी लिहून पाठवल्या. एक, डॉक्टर "माझं काय?" म्हणाला तर उत्तर कुणी द्यायचं, तू का तुझा साहेब, हे रुजू होण्याआधी विचार. दोन, दवाखान्याची उधारी थकली तर ती तुझ्या पगारातून कापणार का? आपल्याकडे माल गेला की सहा-सहा महिने पैसे येत नाहीत आणि वसुलीला विकणाऱ्यालाच पाठवतात. तीन, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं करण्याआधी ट्रेनिंग किती दिवसांचं? दोन दिवस म्हणाले तर जाऊ नकोस. चार, रॉड मोडला, स्क्रू सैल झाला, तर ते कळवायचं कुणाला? भारतात २०१५ पासून त्यासाठी मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. कंपनीच्या माणसाला तो शब्द माहीत नसेल तर त्यावरूनच काय ते समज.

आता दादाला सांगायचं राहिलेलं.

२०१८ च्या जुलैमध्ये अण्णा, आमचे वडील, न्हाणीत पडले आणि खुब्याखाली हाड मोडलं. मी इथून फोनवर फोन करत होते. पहिल्या दिवशी मी दादाला ओरडले, की पैशाकडे बघू नको, फॉरेनचाच रॉड घाल. मला ह्या धंद्यातलं कळतं असा माझा सूर होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा पाहिला आणि सांगितलं, अण्णांना लागणाऱ्या मापाचा रॉड इथल्या सेटमध्ये नाही, तो सोलापुरात आहे. दादाचा पुढचा फोन आला तेव्हा माझ्याकडे दुपारचे तीन वाजले होते, लातुरात रात्रीचा दीड. दादा म्हणाला, निघालाय एक पोरगा, मोटारसायकलवर, पाऊस चालू आहे. तुळजापूर, औसा करत तो साडेचारला पोचला. सेट निर्जंतुक करायला आत दिला आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेरच्या बाकावर अण्णांच्या चपलांशेजारी बसून राहिला. नंतर अण्णा कितीदा तरी म्हणायचे, "ते पोरगं चहा घेतल्याबिगर गेलं रे." मी त्याचं नाव कधीच विचारलं नाही. बिल मात्र ओळ न् ओळ तपासलं होतं.

त्या रात्री बाकावर लेक म्हणून मी असायला हवी होते. माझ्या जागी तो होता. दादा त्याला बॅगवाला म्हणतो तेव्हा मला लागतं ते इथं. बोलायला माझं हे जातंय.

अण्णा २०२१ च्या मेमध्ये गेले, हृदयानं. तेव्हा येता आलं नाही, सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. तिसऱ्या दिवशी सावडायला गेले तेव्हा राखेत तो रॉड तसाच निघाला, एवढंच दादानं सांगितलं होतं. पुढं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही. अस्थींबरोबर गेला असेल असं धरून चालले.

परवा भाच्याचा फोन आला. चार प्रश्नांपैकी तीन त्यानं कंपनीला विचारलेत, उधारीचं विचारायला धीर होत नाही म्हणाला. मग म्हणाला, "आत्या, अण्णांचा रॉड पपांच्या कपाटात आहे. धोतराच्या घडीत ठेवलाय. मी आज काढून बघितला." निळसर-काळा पडलाय म्हणे. बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी कोरलंय. मी सांगितलं, तो लॉट नंबर, कुठल्या खेपेतला माल ते त्यावरून कळतं, वाच. त्यानं खिडकीपाशी जाऊन एकेक आकडा वाचला. शेवटचे दोन जळालेत, दिसत नाहीत. मी सवयीनं पेन घेऊन लिहून घेतला. अजून टेबलावर आहे.