वजाबाकीने सर्व्हर क्रमाने लागत नाहीत

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात नेटवर्कचे काम करणाऱ्या सी भाषेच्या प्रोग्रामरांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे: सर्व्हरांची लिंक्ड लिस्ट (जिचा प्रत्येक घटक म्हणजे नोड, पुढच्या नोडकडे बोट दाखवणारा पॉइंटर धरून असतो) सॉर्ट करायची, म्हणजे क्रमाने लावायची, तर ती मेमरीत सलग मांडलेल्या अ‍ॅरेत उतरवा, क्यूसॉर्ट हे सीचे तयार सॉर्टिंग फंक्शन चालवा, आयपी पत्त्यांची तुलना सरळ वजाबाकीने करा आणि आउटपुट क्रमाने दिसले की रिव्ह्यू (कोडची तपासणी) संपवा. नव्याने नोकरीला लागलेली मुले हा सल्ला नियम म्हणून पाठ करतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

यातला सर्वांत घातक भाग वजाबाकीचा आहे. पत्ता नेटवर्क बाइट ऑर्डरमधून (नेटवर्कवर बाइट पाठवण्याच्या क्रमातून) यंत्राच्या क्रमात आणला, तरी तो ३२ बिटांचा अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) पूर्णांक असतो, आणि दोन पत्त्यांतला फरक २ च्या ३१ व्या घातापलीकडे गेला की, इंट (चिन्हासह पूर्णांक) म्हणून परत येणाऱ्या उत्तराचे चिन्ह, ज्यावरून लहान-मोठे ठरते, ते नेहमीच्या कंपायलरवर उलटते. १०.०.०.१, १००.६४.०.१ आणि १९२.१६८.१.१ हे तीन पत्ते घ्या. वजाबाकीनुसार पहिला दुसऱ्यापेक्षा लहान ठरतो, दुसरा तिसऱ्यापेक्षा लहान ठरतो, आणि तरीही पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा निघतो. अशा तुलनेवर कोणतेही सॉर्टिंग उभे राहू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की अशी विसंगत तुलना दिली आणि मेमरीची मागणी फसली, तर जीलिबसीचे (लिनक्सवरच्या सी लायब्ररीचे) क्यूसॉर्ट अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर वाचू-लिहू शकते. ही उणीव १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत होती. वजाबाकीवर उपाय एका ओळीचा आहे (सीमध्ये खरी तुलना १ देते, खोटी ०): (अ > ब) - (अ < ब).

आउटपुट क्रमाने दिसले म्हणजे झाले, हा दावाही येथेच कोसळतो, कारण चाचणीच्या लॅबमधले सगळे सर्व्हर बहुधा १०.० च्या एकाच पट्ट्यात असतात, त्यांच्यातले फरक लहान राहतात आणि चुकीची तुलनासुद्धा बिनबोभाट पास होते.

अ‍ॅरेबद्दल मी सरसकट नाही म्हणणार नाही. सलग मेमरीमुळे कॅशेचा (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीचा) फायदा मिळतो आणि मोठ्या यादीत तो जाणवतो. पण सी भाषेचे मानक क्यूसॉर्टच्या वेगाची हमी देत नाही आणि समान ठरलेल्या घटकांचा आपापसातला क्रमही राखण्याचे वचन देत नाही. त्यामुळे सारख्या अग्रक्रमाचे सर्व्हर एका आवृत्तीवर एका क्रमाने आणि दुसरीवर वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. लिस्टवरचे मर्ज सॉर्ट (क्रमवार तुकडे एकत्र जोडत जाणारी पद्धत) फक्त पॉइंटर बदलते, वेगळा अ‍ॅरे मागत नाही आणि हा क्रम टिकवते. लिनक्स कर्नलमधले लिस्ट-सॉर्ट याच जातीचे आहे. अ‍ॅरेचा मार्ग घेतलाच, तर परत जोडताना शेवटच्या नोडचा नेक्स्ट (पुढच्या नोडचा पॉइंटर) नल, म्हणजे रिकामा, केला आहे का, हे रिव्ह्यू करणाऱ्याने बोट ठेवून पाहिले पाहिजे. तो राहून गेला तर यादी गोल फिरू लागते.

नोडमधला मजकूर अदलाबदल करून सॉर्ट करणारा कोड मी कधीही मंजूर करत नाही. एखाद्या चालू कनेक्शनने नोडचा पॉइंटर धरून ठेवलेला असतो; मजकूर हलला की त्याच पॉइंटरखाली निमूटपणे दुसराच सर्व्हर येतो, आणि हा दोष लॉगमध्ये सापडता सापडत नाही.

गेटअ‍ॅड्रइन्फोने (नावावरून पत्ते शोधणाऱ्या फंक्शनने) दिलेली यादी हीसुद्धा लिंक्ड लिस्टच असते, आणि तिला हात लावण्यापूर्वी थांबावे. तिचा क्रम अर्थपूर्ण असतो: जोडणी आधी कोणत्या पत्त्याकडे करावी याचे नियम आरएफसी ३४८४ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये आणि २०१२ मध्ये तिच्या जागी आलेल्या आरएफसी ६७२४ मध्ये दिलेले आहेत. ती पत्त्याच्या आकड्यानुसार पुन्हा लावली की हा क्रम पुसला जातो. शिवाय सॉर्टने नवे हेड (यादीचा पहिला नोड) दिलेले असताना फ्रीअ‍ॅड्रइन्फोला (ती यादी मोकळी करणाऱ्या फंक्शनला) जुनेच हेड पाठवले, तर त्याच्या आधी गेलेले सगळे नोड मेमरीत अडकून राहतात.