पेरॉक्साइड ओतणे वेगळे, ही पद्धत वेगळी

दूध टिकवण्यावरच्या लेखात लॅक्टोपेरॉक्सिडेज पद्धत (थंड न करता कच्चे दूध काही तास टिकवण्याची) आणि दुधात थेट हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणे एकाच मापाने मोजले आहे. ते बरोबर नाही. लॅक्टोपेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) दुधात मुळातच असते. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या) १९९१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे लिटरला १४ मिलिग्रॅम सोडियम थायोसायनेट टाकून मिनिटभर ढवळायचे, मगच ३० मिलिग्रॅम सोडियम परकार्बोनेट. म्हणजे ४० लिटरच्या कॅनला ५६० मिलिग्रॅम आणि १.२ ग्रॅम. पुन्हा दोन-तीन मिनिटे ढवळा, कॅनच्या तळापर्यंत. परकार्बोनेटमधून सुटणारे थोडे पेरॉक्साइड वापरून हे विकर थायोसायनेटपासून हायपोथायोसायनाइट बनवते आणि ते जिवाणूंची वाढ रोखून धरते.

धार काढल्यापासून दोन-तीन तासांच्या आत हे व्हायला हवे. ३० अंश सेल्सिअसला दूध टिकायला सात-आठ तास मिळतात, १५ अंशांना साधारण चोवीस तास. परिणाम ओसरला म्हणून दुसरा डोस देऊ नये. खराब दूध यातून सुधारत नाही; कॅनच्या झाकणाची रबरी चकती अस्वच्छ असेल, तर मिळालेले तासही घटतात. आणि हो, पाश्चरायझेशन करावेच लागते. हा उपाय बर्फ-कूलर नसलेल्या ठिकाणांसाठी. आपल्याकडे मात्र दुधात पेरॉक्साइड किंवा फॉर्मलिन सापडले की ती भेसळच धरतात, त्यामुळे हे वाचून कोणी गोठ्यात प्रयोग करू नयेत.